घरातील संगणकांचा अबोला आणि त्याचे निदान

मंचेरियलसारख्या सीमावर्ती गावात राहणाऱ्या मराठी माणसाला भाषांच्या सरमिसळीचे अप्रूप राहत नाही. बाह्यरुग्ण कक्षात एकाच सकाळी तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी आणि प्रसंगी गोंडीही कानावर पडते. प्राणहितेपलीकडून आलेला रुग्ण बोलता बोलता दोन भाषा बदलतो आणि आपल्याला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, किनवट व राजुरा हा भाग पलीकडे गेला आणि उरलेला आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात आला. पुढे २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी मंचेरियल स्वतंत्र जिल्हा बनला. सीमारेषा वारंवार हलल्या, परंतु माणसामाणसांतील व्यवहार थांबला नाही.

माणसांना जे सहज जमले, ते आपल्या घरातील संगणकांना मात्र अद्याप पुरते जमलेले नाही. आपल्यापैकी अनेकांकडे आज खाली दवाखाना व वर बिऱ्हाड अशी व्यवस्था आहे. खालच्या संगणकावर विंडोज, मुलीच्या हाती मॅक, अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर लिनक्स, असे तीन संप्रदाय एकाच राउटरच्या छत्राखाली नांदतात. इंटरनेट तिघांनाही मिळते. पण एकाची फाइल दुसऱ्याने मागितली की अबोला सुरू होतो. 'अहो डॉक्टर, फोल्डर दिसतो, पण उघडत नाही', 'काल उघडत होता, आज नाही', ही तक्रार मी आपल्या स्नेह्यांकडून इतक्या वेळा ऐकली आहे की, या स्मरणिकेच्या निमित्ताने तिचा थोडा विस्ताराने विचार करावा असे वाटले.

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नव्हे. तथापि ही तक्रार सोडविण्यासाठी जी शिस्त लागते, ती आपणा सर्वांच्या अंगवळणी पडलेलीच आहे. ती म्हणजे लक्षण आणि कारण यांत फरक करणे, साध्या तपासणीपासून आरंभ करणे आणि निदान झाल्यावाचून जालीम औषध न देणे.

एका समान बोलीचा जन्म

प्रथम थोडा पूर्वेतिहास. जाळ्यावरून फाइल मागण्या-देण्याची जी बोली आज सर्वाधिक प्रचलित आहे, तिला 'एसएमबी' असे म्हणतात. १९८०च्या दशकात आयबीएम कंपनीतील बॅरी फायगेनबॉम यांनी तिचा पाया घातला आणि मायक्रोसॉफ्टने ती वाढविली. युनिक्सच्या जगात मात्र सन मायक्रोसिस्टिम्सची 'एनएफएस' ही बोली १९८४ पासून रूढ होती आणि अ‍ॅपलची आपली तिसरीच बोली होती. तीन घराणी, तीन रीती.

ही कोंडी फोडण्याचे मोठे श्रेय ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांना जाते. कॅनबेरा येथे विद्यापीठात शिकत असताना, १९९१-९२च्या सुमारास, त्यांनी यंत्रांमधील संभाषण जाळ्यावर ऐकून त्यावरून ही बोली युनिक्सला शिकविणारी प्रणाली लिहिली. पुढे तिला नाव हवे होते, तेव्हा त्यांनी 'एस', 'एम' आणि 'बी' ही अक्षरे क्रमाने येणारे शब्द संगणकाच्या शब्दसूचीत शोधले. त्यांत 'सांबा' हा शब्द सापडला. आपल्या पद्धतीची तुलना त्यांनी फ्रेंच येत नसताना फ्रेंच उपाहारगृहात बसून, कोण काय मागतो व त्याला काय मिळते हे पाहत भाषा शिकण्याशी केली होती. आपल्या आधीच्या पिढ्या मंचेरियलच्या बाजारात तेलुगू शिकल्या त्या याच पद्धतीने, हे निराळे सांगावयास नको.

आज लिनक्सवर सांबा आहे आणि अ‍ॅपलनेही २०१३ साली मॅकसाठी एसएमबीचीच दुसरी आवृत्ती प्रथम पसंतीची केली. म्हणजे समान बोली आहे. मग अबोला का? याचे उत्तर असे की, या बोलीच्याही पिढ्या आहेत. पहिली आवृत्ती जुनी व असुरक्षित. दुसरी विंडोज व्हिस्टाबरोबर आली, तर तिसरी २०१२ साली विंडोज ८ बरोबर. नवी यंत्रे पहिल्या आवृत्तीत बोलण्यास आता नकार देतात, आणि तो नकार सकारण आहे.

एक रविवार

नकाराचे स्वरूप समजावे म्हणून आमच्याच घरचे उदाहरण देतो. आमच्याकडे जुन्या ईसीजी व सोनोग्राफीच्या प्रती एका साठवण-पेटीत असतात. बाजारात तिला 'नॅस' म्हणतात. काही काळापूर्वी दवाखान्यातील विंडोज संगणकाने आपली नवी आवृत्ती स्वतःहून बसवून घेतली. त्यानंतरच्या रविवारी छातीत दुखते म्हणून एक साठीचे गृहस्थ आले. ईसीजीमध्ये डाव्या बंडल शाखेचा अडथळा दिसत होता. तो जुना की नवा, हा प्रश्न किती महत्त्वाचा असतो हे आपण जाणताच. त्यांचा दोन वर्षांपूर्वीचा ईसीजी पेटीत होता आणि दवाखान्यातील संगणक पेटी उघडावयास तयार नव्हता.

"बाबा, माझ्या लॅपटॉपवर उघडतेय," असे म्हणत मुलगा आपला लॅपटॉप खाली घेऊन आला. जुन्या आलेखात तोच अडथळा स्पष्ट दिसत होता. तुलना झाली, पुढील तपासण्या रीतीप्रमाणे केल्या आणि त्या गृहस्थांना निरीक्षणाखाली ठेवले.

मुलाच्या त्या एका वाक्यात अर्धे निदान होते. लिनक्सवरून पेटी उघडते, याचा अर्थ पेटी जिवंत आहे, डिस्क शाबूत आहे, तार व राउटर ठीक आहेत. दोष त्या दोन विशिष्ट यंत्रांमधील संबंधात आहे. एका यंत्राचा दोष वाटतो तेव्हा दुसऱ्या यंत्रावरून तेच करून पाहावे, ही पहिली व सर्वांत स्वस्त तपासणी होय.

सोमवारी दूरध्वनीवर एका तंत्रज्ञाने उपाय सांगितला, "डॉक्टरसाहेब, एसएमबी वन चालू करा, गेस्टला परवानगी द्या, फायरवॉल बंद करा. दोन मिनिटांचे काम आहे." काम खरोखरच दोन मिनिटांचे होते. ते का केले नाही, हे पुढे येईलच. तत्पूर्वी तपासणीचा क्रम पाहू.

तपासणीच्या सहा पायऱ्या

पहिली पायरी जाळ्याची. दोन्ही यंत्रे खरोखर एकाच जाळ्यात आहेत का? अनेक घरांत इंटरनेट कंपनीचे एक उपकरण व वरच्या मजल्यासाठी घेतलेला दुसरा राउटर असतो आणि दोघेही आपापले पत्ते वाटतात. एका यंत्राचा पत्ता १९२.१६८.०.५ व दुसऱ्याचा १९२.१६८.१.७ असा निघाला, तर घर एक असूनही गल्ल्या दोन आहेत असे समजावे. दुसऱ्या राउटरला केवळ 'अ‍ॅक्सेस पॉइंट' म्हणून चालविणे हा त्यावरचा सरळ उपाय. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर जोडलेले यंत्रही बहुधा इतरांपासून तोडलेले असते. विंडोजमध्ये घरचे जाळे 'पब्लिक' असे नोंदले गेले असेल, तर ते 'प्रायव्हेट' करावे.

दुसरी पायरी ओळख पटण्याची. 'नेटवर्क'च्या खिडकीत नाव दिसणे आणि फाइल मिळणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. नाव पुकारण्याच्या रीती विंडोज व मॅकमध्ये भिन्न आहेत. त्यामुळे नाव न दिसताही यंत्र पूर्ण निरोगी असू शकते. विंडोज ७ मधील 'होमग्रुप' ही सोय २०१८ साली विंडोज १० मधून काढून टाकण्यात आली, तेव्हाही अनेकांना फाइलींची देवाणघेवाणच बंद झाली असे वाटले होते. म्हणून नावाची वाट न पाहता थेट अंकी पत्त्यावर जावे. विंडोजमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पत्ता लिहावा. मॅकमध्ये फाइंडरच्या 'गो' यादीतील 'कनेक्ट टू सर्व्हर' वापरावे. पत्त्याने उघडले आणि नावाने उघडले नाही, तर दोष केवळ पुकारण्याचा आहे. राउटरमध्ये त्या यंत्राचा पत्ता कायमचा राखून ठेवला की प्रश्न मिटतो.

तिसरी पायरी दाराची. एसएमबीचे संभाषण ४४५ क्रमांकाच्या दारातून चालते. 'पिंग'ला उत्तर आले नाही म्हणून यंत्र मृत समजू नये, कारण फायरवॉल पिंगला गप्प बसवू शकते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' या आज्ञेने ४४५ क्रमांकाचे दार उघडे आहे की नाही हे थेट विचारता येते. बंद असल्यास फायरवॉलमध्ये फाइल-शेअरिंगपुरती, तीही घरच्या जाळ्यासाठीच, मुभा द्यावी. संपूर्ण फायरवॉल बंद करण्याचे कारण नाही.

चौथी पायरी बोलीच्या आवृत्तीची. यंत्र जुने असेल आणि पहिलीच आवृत्ती जाणत असेल, तर २०१७ नंतरचे विंडोज व २०१९ नंतरचा सांबा त्याच्याशी आपण होऊन बोलत नाहीत. आमच्या पेटीची अडचण मात्र किंचित निराळी होती. विंडोज ११ प्रोच्या २०२४ सालच्या '२४एच२' आवृत्तीपासून दोन बंधने आली आहेत. प्रत्येक संदेशावर प्रेषकाची स्वाक्षरी हवी आणि पासवर्डवाचून 'पाहुणा' म्हणून प्रवेश नको. ही दोन बंधने एकमेकांत गुंतलेली आहेत. कारण स्वाक्षरीची किल्ली पासवर्डच्या आधारे तयार होते आणि पाहुण्याकडे पासवर्ड नसतो. आमची पेटी घरातील सर्वांना पाहुणे म्हणूनच आत घेत होती. लिनक्सचा त्याला आक्षेप नव्हता, विंडोजचा होता.

पाचवी पायरी परवान्याची. प्रवेश मिळतो, पण 'परवानगी नाही' असे उत्तर येते, तेव्हा प्रथम आपण कोणत्या नावाने गेलो ते पाहावे. विंडोज उघडताना आपण जो चार अंकी पिन देतो, तो त्याच यंत्रापुरता असतो. जाळ्यावरून जाताना खात्याचा पूर्ण पासवर्डच लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज जाळ्यावरून आत घेत नाही. मॅकवर 'फाइल शेअरिंग'च्या पर्यायांत त्या त्या खात्यापुढे विंडोजसाठीची खूण करावी लागते. लिनक्समध्ये सांबाची पासवर्डांची यादी स्वतंत्र असते. लॅपटॉपवर खाते आहे म्हणून सांबात ते आपोआप येत नाही. पासवर्ड बदलल्यावर विंडोजच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जुनाच जपलेला राहतो आणि तोच पुनःपुन्हा पाठविला जातो, हेही नेहमीचे कारण आहे. शिवाय परवाने दोन पातळ्यांवर असतात, एक जाळ्यावरील वाट्याचा व दुसरा मूळ फोल्डरचा. दोहोंपैकी जो अधिक कडक, तोच चालतो.

सहावी पायरी फाइलीच्या नावाची, आणि ही आपल्याला विशेष जवळची. विंडोजला फाइलीच्या नावात अपूर्णविराम, तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, तारका इत्यादी चालत नाहीत. लिनक्सवर '१०:३०' असे वेळेसह नाव दिलेली फाइल विंडोजवर विद्रूप नावाने येते किंवा उघडतच नाही. रोमन लिपीतील लहान-मोठी अक्षरे लिनक्स भिन्न मानतो, विंडोज अभिन्न. याहून सूक्ष्म प्रकार मराठीचा आहे. 'दुसऱ्या' या शब्दातील 'ऱ' युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि 'र' व त्याखालील नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. मॅकची जुनी 'एचएफएस प्लस' ही डिस्कची मांडणी नावे अशी सुटी करून साठवीत असे. काही कळफलक तर तिसऱ्याच पद्धतीने, अदृश्य जोडचिन्ह वापरून, हा अर्धा र उमटवितात. डोळ्यांना तिन्ही सारखेच. पण नाव निव्वळ चिन्हांची माळ म्हणून वाचणाऱ्या लिनक्सला ती तीन निराळी नावे. 'दुसऱ्या तिमाहीचे अहवाल' या नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसले आणि शोध घेतला असता एकच सापडला, तर संगणकाला भूतबाधा झालेली नाही, एवढे लक्षात ठेवावे.

येथे एक गैरसमज दूर करतो. एनटीएफएस मांडणीची डिस्क थेट मॅकला जोडली, तर ती केवळ वाचता येते, लिहिता येत नाही. त्यावरून जाळ्यावरही तसेच होईल असे अनेकांना वाटते. तसे नाही. जाळ्यावरून फाइल मागताना डिस्कची मांडणी यजमान यंत्र सांभाळते. पाहुण्या यंत्राला तिच्याशी कर्तव्य नसते.

जालीम औषधाचे दुष्परिणाम

आता त्या दोन मिनिटांच्या उपायाकडे वळू. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रणालीने जगभर थैमान घातले. ती पसरली तो मार्ग एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील एका दोषाचा व त्याच ४४५ क्रमांकाच्या दाराचा होता. मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरील दुरुस्ती १४ मार्च रोजीच, म्हणजे दोन महिने आधी दिली होती. जेथे ती बसविली गेली नव्हती, तेथे संकट आले. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८० न्यासांना त्याची झळ पोहोचली, सुमारे १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात असा तेथील लेखापरीक्षकांचा अंदाज होता आणि पाच भागांत तातडीच्या रुग्णांना दूरच्या रुग्णालयात जावे लागले. शेजारच्या आंध्र प्रदेशात पोलीस खात्याचे काही संगणकही त्या वेळी बाधित झाले होते.

आपल्या देशातील उदाहरण अधिक ताजे आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर असाच हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि या नामांकित संस्थेला कित्येक दिवस कागदावर काम करावे लागले. जाळ्याचे योग्य विभाजन नसल्यामुळे हे घडले, असे पुढे शासनाने संसदेत सांगितले. एम्सच्या तुलनेत आपला दवाखाना तो केवढा, असे कोणी म्हणेल. परंतु अशा प्रणाली दारावरची पाटी वाचून आत शिरत नाहीत, दार उघडे दिसले की शिरतात.

म्हणूनच नकार देणाऱ्या यंत्रावर चिडण्याऐवजी, कोणत्या दाराने व कोणत्या कारणासाठी नकार दिला ते शोधून तेवढेच दार, तेवढ्याच व्यक्तीसाठी उघडावे, असे माझे मत आहे. ताप हे लक्षण आहे, म्हणून थर्मामीटर फोडण्यात अर्थ नसतो.

आमच्या पेटीवर निर्मात्याने दिलेली अद्ययावत प्रणाली बसविली, त्यामुळे ती तिसरी आवृत्ती बोलू लागली. पाहुण्याचे दार बंद केले, प्रत्येकासाठी स्वतंत्र खाते व पासवर्ड केला. विंडोजवर एकदा ते नाव नोंदविताच पेटी उघडली. सर्व मिळून एक तास लागला. एक जुने स्कॅनर मात्र पहिलीच आवृत्ती जाणणारे निघाले. त्याच्याखातर सर्वांचे संरक्षण काढण्यापेक्षा ते यूएसबीच्या तारेने एका संगणकाला जोडून टाकले. जुन्या माणसाला निराळी खोली द्यावी, तसे.

दवाखाना आणि बिऱ्हाड

या निमित्ताने आणखी एक विचार मांडतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमावलीनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि मागणी झाल्यास ७२ तासांच्या आत देणे आपल्यावर बंधनकारक आहे. नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असेही त्यात म्हटले आहे. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणविषयक कायद्यानेही, माहिती बाळगणाऱ्याने तिच्या सुरक्षेची वाजवी तजवीज करावी, असे कर्तव्य सांगितले आहे. म्हणजे नोंद मिळायलाही हवी आणि भलत्याला मिळायलाही नको. हे दोन्ही साधावयाचे, तर ज्या जाळ्यावर मुले खेळ उतरवून घेतात आणि पाहुणे वाय-फायचा पासवर्ड मागतात, त्याच जाळ्यावर रुग्णांच्या नोंदी उघड्या ठेवणे योग्य नव्हे.

बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी निराळे जाळे करता येते. दूरचित्रवाणी, कॅमेरे व पाहुण्यांचे भ्रमणध्वनी तिकडे वळवावेत. बिऱ्हाडातील यंत्रांना रुग्णांचा फोल्डर मुळीच देऊ नये. घरचे छायाचित्रसंग्रह स्वतंत्र ठेवावेत. जेथे केवळ वाचायचे आहे, तेथे लिहिण्याचा परवाना देऊ नये. फाइलीच्या नावात रुग्णाचे नाव न घालता नोंदणी-क्रमांक व वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख घालावी. त्यामुळे गोपनीयताही राहते आणि 'ऱ'चा घोळही टळतो. विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हेही ध्यानात असू द्यावे. शेवटी, वाटून घेतलेली फाइल म्हणजे जपून ठेवलेली प्रत नव्हे. खंडणीखोर प्रणाली वाट्याच्या फोल्डरलाही कुलूप लावते. आठवड्यातून एकदा प्रत काढून तारेपासून अलग केलेली डिस्क कपाटात ठेवावी.

हे सारे एका रविवारच्या दुपारी होण्यासारखे आहे. घरात संगणक जाणणारा मुलगा वा मुलगी असेल, तर शेजारी बसून त्यांच्याकडून ते समजून घ्यावे आणि पत्ते, खाती व परवाने यांची नोंद एका वहीत करावी. उद्या ती मुले शिक्षणासाठी हैदराबादला किंवा पुण्याला गेली तरी आपले अडणार नाही. पासवर्ड मात्र त्या वहीत न लिहिता कुलपात ठेवावेत. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जपणे हा आपल्या व्यवसायाचा जुनाच धर्म आहे. ती आता कागदाऐवजी डिस्कवर राहते, एवढाच काय तो फरक.